थोरलीवरून धाकटीवर

रक्तपेढीतल्या दोन मोठ्या मशिनांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. दोघी एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दोघींना चालवणारी मूळ प्रणाली युनिक्स, तीही एकच. फरक एवढाच, की थोरली इतकी वर्षं एकटी राबत होती आणि धाकटी तिच्या शेजारी नुसती बसून होती. अडीअडचणीला असावी म्हणून तिला आणलं, आणि आणल्यावर तिच्यावर डेटाबेसचं सॉफ्टवेअर चढवायचं राहूनच गेलं. कधी मंजुरी अडली, कधी माणूस मिळाला नाही, आणि एरवी मोठ्या डॉक्टरांचं पालुपद ठरलेलं असायचं, "चाललंय ना नीट? मग कशाला हात लावता?"

मशीनरूम जिच्या ताब्यात होती तिला सगळी रक्तपेढी वहिनी म्हणायची. त्याला कारण तिची नणंद. नणंदच इथे आधी होती, तिनेच वहिनीला कामाला आणलं, आणि तिच्या तोंडचं "वहिनी" हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुढे नणंद सोडून गेली. हाक तेवढी मागे राहिली.

त्या दिवशी सकाळी वहिनी दार उघडून आत आली आणि पर्स खाली ठेवायच्या आधीच थबकली. त्या गार खोलीत पंख्यांची घरघर नेहमीचीच होती, पण तिच्यातून काहीतरी टकटकत होतं. टक, टक, मग गप्प, मग पुन्हा टक. तिने थोरलीच्या पत्र्याला कान लावला. डिस्क जायला लागली होती.

पडद्यावर ओळींवर ओळी चढत होत्या. वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करतोय. वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करतोय. ती खुर्चीत टेकेपर्यंत डेटाबेस बंद पडला.

लगेच दारात लॅबमधले काका उभे. रक्ताच्या तपासण्या करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि घाई म्हणून त्यांनी कधी केली नव्हती. आज मात्र ते जवळजवळ धावत आले होते.

"वहिनी, आमचे स्क्रीन गोठले."

"गोठले नाहीत काका, मेलेत. जरा श्वास घेऊ द्या मला."

माहिती गेली नव्हती, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दात्यांची, पिशव्यांची, तपासण्यांची सगळी माहिती शेजारच्या वेगळ्या डिस्कपेटीत होती. ती पेटी ठणठणीत होती आणि तिची केबल थोरलीऐवजी धाकटीला लावणं काही अवघड नव्हतं. पण ती माहिती उघडून वाचणारं सॉफ्टवेअर थोरलीच्या आतल्या डिस्कवर होतं, आणि नेमकी तीच डिस्क आचके देत होती. रोजचा बॅकअप होता, तोही माहितीचाच. सॉफ्टवेअरचा बॅकअप कोण घेतो? त्याच्या सीडी असतात की कपाटात!

वहिनीने कपाट उघडलं. संचातली दुसरी सीडी मधल्या भोकापासून कडेपर्यंत तडकलेली होती. तिने सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की ती आवृत्ती कधीच बंद झाली, नवी हवी असेल तर लगेच देतो. नव्या आवृत्तीवर रक्तपेढीचा प्रोग्राम चालत नव्हता. वहिनीने फोन ठेवला तेव्हा मोठे डॉक्टर आत येऊन उभे होते. त्यांचा चेहरा पाहून तिला कळलं, की ते मशीनची चौकशी करायला आलेले नाहीत.

"समोरून फोन होता," ते म्हणाले. समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं रुग्णालय. "एक बाळंतीण आहे. पहाटे बाळ झालं, बाळ छान आहे. हिचा रक्तस्राव थांबत नव्हता. आत्ता कसाबसा थांबवलाय. पुन्हा सुरू झाला तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि हाताशी रक्त नसताना ते ऑपरेशन करणार नाहीत."

"मग रक्त द्या ना. गट लेबलवर असतो."

"गटाने भागत नाही हिचं," काका म्हणाले. "हिला पूर्वी दोनदा रक्त चढवलंय. अंगात अँटिबॉडी तयार झाल्यात. गट जुळला तरी दात्याच्या रक्तात काही बारीक खुणा असल्या, तर हिचं शरीर ते रक्त नासवून टाकेल. त्या खुणा नसलेली पिशवी पाहिजे. ती माहिती लेबलवर नसते, मशीनमध्ये असते."

"हाताने नाही शोधता येणार?"

"येईल की. शीतगृहातली एकेक पिशवी काढून तपासायची. मी सुरू करतो. पण संध्याकाळ होईल, आणि तपासायचं रसायनही पुरणार नाही. वहिनी, तुम्ही तुमचं काहीतरी बघा."

काका गेले. मोठे डॉक्टर तिथेच उभे राहिले. "काही करता येईल?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

"एक गोष्ट करता येईल," वहिनी म्हणाली. "थोरलीवर बसवलेलं सॉफ्टवेअर आहे तसं, मुळासकट उचलून धाकटीवर नेऊन ठेवायचं. दोघी सारख्या आहेत म्हणून हे जमू शकतं. पण त्यात शंभर खाचाखोचा असतात आणि मी ते कधी केलेलं नाही."

"कोणी केलंय?"

 ते काम वहिनीने एकदाच पाहिलं होतं. थोरली नवी आली तेव्हा तिच्यावरचं सॉफ्टवेअरही सीडीवरून चढवलेलं नव्हतं. त्याही आधीच्या मशीनवरून ते असंच उचलून आणलं होतं. आणणारी होती तिची नणंद. नव्यानेच लागलेली वहिनी दिवसभर तिच्या शेजारी बसून नुसती बघत होती.

नणंदेला घरात बारकी म्हणत. आता ती दारातून वाकून आत येण्याइतकी उंच होती, पण नाव बारकीच. एके काळी दोघींचं इतकं जमायचं की वहिनीचा नवरा म्हणायचा, माझं लग्न नक्की कोणाशी झालंय? मग बारकीने नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढायचं ठरवलं, आणि वहिनी बरोबर येणार हे गृहीतच धरलं. वहिनीने ऐनवेळी नाही म्हटलं. सासऱ्यांचं दुखणं चालू होतं, घरात एक तरी पगार खात्रीचा हवा होता. बारकी एकटीच बाहेर पडली. कंपनी वर्षभरात बसली आणि ती एका गिरणीच्या ऑफिसात नोकरीला लागली. तेव्हापासून बोलणं बंद. घरात काही कार्य निघालं आणि एक यायची म्हटली, की दुसरीचं हमखास डोकं दुखायला लागायचं.

वहिनीने फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, मग कट झाली. पुन्हा लावला, पुन्हा कट. शेवटी तिने नवऱ्याला फोन केला. तो शाळेत शिकवायचा. वर्गातून बाहेर येऊन कुजबुजत बोलायला लागला.

"तुमच्या दोघींच्या मध्ये मला घेऊ नकोस हं. मागच्या वेळी दोन्हीकडून मार खाल्लाय मी."

"एक बाई मरेल रे," वहिनी म्हणाली. "तेवढंच सांग तिला. बाकी काही बोलू नकोस."

थांबून राहायला वेळ नव्हता. तिने आठवेल तसं काम सुरू केलं. पद्धत तिला माहीत होती. सगळी डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा अख्खा कप्पा, एका गाठोड्यात बांधून नेटवर्कवरून पलीकडे सोडायची आणि तिकडे गाठोडं सोडून जागच्या जागी मांडायचं. आधी एक लहानशी उपडिरेक्टरी नेऊन बघितली. फायली पोचल्या. पण धाकटीवर त्यांची यादी काढली तर त्यांचा गट, म्हणजे त्या वापरायची मुभा कोणाला ते, भलताच दिसत होता. डेटाबेसच्या गटाऐवजी बॅकअपच्या प्रोग्रामचा गट.

असं कसं झालं? गटाचं नाव तर तिने दोन्हीकडे तेच ठेवलं होतं. ती जराशी गोंधळली, मग तिने ठरवलं, सगळं इकडे आलं की एका फटक्यात मालकी आणि गट बदलून टाकू. तिने आत्ता आलेल्या डिरेक्टरीवर ती आज्ञा करून बघायला घेतली. पूर्ण टाइप केली. तेवढ्यात फोन वाजला.

"बोला," बारकीचा आवाज. कोरडा ठक्क. "दादाने सांगितलं मला. तुम्ही काय करताय आत्ता?"

बारकीने तिला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. पण मनाला लावून घ्यायची ही वेळ नव्हती. "फायली आणल्या थोड्या. गट चुकीचा दिसतोय, बॅकअपच्या प्रोग्रामचा. सगळ्यांची मालकी एकदम बदलतेय."

"थांब! हात काढ कीबोर्डवरून! वहिनी, एंटर मारू नकोस!"

समोर साप निघावा तसे वहिनीने दोन्ही हात वर उचलले. मोठे डॉक्टर दचकून एक पाऊल मागे सरले.

"काढले?"

"काढले."

"आता ऐक. त्यातल्या काही फायलींवर एक खास खूण असते. कोणीही चालवलं तरी प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालतो, ती खूण. मालकी बदललीस की ती खूण पुसली जाते, आणि पुसली गेली हे कोणी सांगत नाही. डेटाबेस सुरू होईल, तुला वाटेल जिंकलो, आणि लॅबमधून एकालाही आत शिरता येणार नाही. दिवस घालवला असतास शोधण्यात."

"मग गट चुकीचा का दिसतोय?"

"मशीनला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. थोरलीवर आपल्या गटाचा जो नंबर आहे, तो धाकटीवर कोणीतरी आधीच पटकावलाय. फायलींना हात नको लावूस. त्या बॅकअपवाल्याला दुसरा नंबर दे, त्याच्या दोन-चार फायली असतील त्या त्याच्या नावावर कर, आणि त्याचा सुटलेला नंबर आपल्या गटाला दे. नावं आपोआप बरोबर दिसतील. मालकाचा नंबरही तपास. आणि त्या डिस्कपेटीतल्या फायलींवरसुद्धा हेच नंबर आहेत, म्हणजे तेही एकदमच मार्गी लागेल."

वहिनीने तसं केलं. यादी पुन्हा काढली. बरोबर.

"जमलं," ती म्हणाली.

"दोन्हीकडे युनिक्सचे पॅच सारखे आहेत?"

"सारखे आहेत. आलेली प्रत्येक दुरुस्ती मीच चढवत आले आहे दोघींवर."

"बरं केलंस. मी निघते इथून. डिस्क कशी वाजतेय? फोन तिच्याजवळ धर."

वहिनीने फोन थोरलीजवळ धरला. पलीकडे बारकी काही क्षण ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझी वाट नको बघूस. ती किती तग धरेल सांगता येत नाही. सगळं एकदम उचलू नको, तुकड्यातुकड्याने उचल. आधी लायब्ररी आणि जोडणीचे भाग, मग सेटिंगच्या फायली, मग प्रोग्राम. मदतीची पानं आणि नमुने सगळ्यात शेवटी, नाही आले तरी कोणी रडणार नाही. आणि मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने उचल, नाहीतर निम्म्या फायली वाचूच देणार नाही. दुवे दुवे म्हणूनच येऊ देत. त्यांच्यामागे धावत जाऊन खरी फाईल दोनदा आणायची नाही."

फोन बंद झाला. वहिनीने पहिला तुकडा सोडला.

नंतरचा वेळ तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब वेळांपैकी होता. फायलींची नावं पडद्यावरून वर सरकत होती आणि मधूनच ठप्प व्हायची. डिस्क टकटकायची.  मग टकटक थांबून नावं पुन्हा धावू लागायची आणि तिच्या जिवात जीव यायचा. मोठ्या डॉक्टरांना बसवेना की जाववेना. त्यांनी एकदा विचारलं, "मी काही करू?" वहिनीने सांगितलं, "दार लावा, गार हवा बाहेर जातेय." त्यांनी मुकाट्याने दार लावलं आणि पाठ लावून तिथेच उभे राहिले.

लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणारे सामाईक भाग, आल्या. जोडणीचे भाग आले. सेटिंग आली. प्रोग्रामची डिरेक्टरी सुरू झाली. निम्मी झाली असेल, तोच दारावर धडक बसली. डॉक्टर बाजूला झाले आणि बारकी आत आली. हातात हेल्मेट, गळ्यात तिच्या गिरणीच्या ऑफिसचं ओळखपत्र, कपाळावर घाम. तिने वहिनीकडे बघितलं नाही. तिने पडदा बघितला.

पडदा थांबला होता.

या खेपेला तो थांबूनच राहिला. टक, टक, टक. मग थोरलीने लिहिलं, वाचता येत नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा तेच लिहिलं.

वहिनीने फाईलचं नाव वाचलं. ती इकडची तिकडची फाईल नव्हती. तो डेटाबेसचा मुख्य प्रोग्राम होता. बाकी सगळं त्याच्यासाठी होतं. लग्नाला सगळं वऱ्हाड यावं आणि नवरदेवच येऊ नये, तसं झालं होतं.

"सोडून दे ती, पुढच्या घे," बारकी म्हणाली.  वहिनीने ती फाईल वगळून उरलेल्या उचलल्या. त्या आल्या. मग त्या एका फाईलवर दोघींनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. थोडी थोडी वाचून बघितली. मधला एक तुकडा काही केल्या येईना.

बारकी खाली फरशीवरच बसली आणि तिने डोकं हातात धरलं. "गेलं," ती म्हणाली. "ती नाही तर काही नाही."

फोन वाजला. डॉक्टरांनी घेतला, ऐकलं, "हो, हो," म्हणाले आणि ठेवला. "तिचा रक्तदाब उतरतोय," ते म्हणाले. "काकांना अजून एकही पिशवी सापडलेली नाही."

 वहिनी त्या नावाकडे बघत बसली होती. तिला काहीतरी आठवत होतं, पण ते हाताला लागत नव्हतं. थोरलीवर हे सॉफ्टवेअर आणलं तो दिवस. बारकी भराभर टाइप करत होती, आणि मग मधेच खुर्ची मागे ढकलून म्हणाली होती, "चल, चहा घेऊन येऊ. आता हिला वेळ लागणार." कशाला वेळ लागणार होता? फायली तर तेव्हा आणून झाल्या होत्या.

"बारके," ती म्हणाली, "त्या वेळी ही फाईल जुन्या मशीनवरून जशीच्या तशी आली होती का? की तू इथे बनवली होतीस?"

बारकीने डोकं वर केलं.

"चहाला गेलो होतो आपण," वहिनी म्हणाली. "तू म्हणालीस हिला वेळ लागणार."

"जोडणी," बारकी म्हणाली. मग ती ताडकन उठलीच. "जोडणी! अगं, मी किती बावळट आहे! ही फाईल आणायची नसतेच. आणली तरी ती पुन्हा बनवायचीच असते. नव्या मशीनवर सगळे भाग युनिक्सच्या लायब्ररींशी नव्याने जोडायचे, आणि त्यातून हीच फाईल तयार होते. भाग आलेत ना सगळे?"

"पहिल्यांदा तेच आणले. तूच सांगितलंस."

"मग बस बाजूला. नाही, नको, तूच बस, तुझा हात बसलाय. मी सांगते."

जोडणी सुरू केली आणि पहिल्याच ओळीला अडली. धाकटीवर जोडणीचं साधनच बसवलेलं नव्हतं. कोणी बसवणार कशाला, बिचारी कधी कामाला लागलीच नव्हती. पण ते युनिक्सच्या सीडीवर होतं आणि ती सीडी धडधाकट निघाली. साधन बसलं. जोडणी पुन्हा सुरू झाली. पडद्यावर आगगाडीच्या डब्यांसारख्या ओळी लागल्या. एका ठिकाणी इशारा आला, वहिनीने बारकीकडे बघितलं, बारकीने मान हलवली, चालतंय. आणि मग ओळी थांबल्या आणि नुसतं चिन्ह लुकलुकत राहिलं. वहिनीने यादी काढली. ती फाईल तिथे होती. नवी कोरी, आत्ताची वेळ घेऊन, मालकासकट, गटासकट, त्या खास खुणेसकट.

दोघींपैकी कोणी हसलं नाही. अजून ती चालली नव्हती.

"आता मेमरी," बारकी म्हणाली. "डेटाबेसला सगळ्यांनी मिळून वापरायची मेमरी मोठी लागते. धाकटी तेवढी देणार नाही, तिची मर्यादा कारखान्यातून आली तशीच असणार. थोरलीची सेटिंग बघ आणि तीच इकडे लिही. मग हिला एकदा बंद करून चालू करावं लागेल."

"किती वेळ जाईल त्यात?"

"जाईल तेवढा जाईल. न करता सुरू केलं तर पडेल आणि वर पुन्हा हे करावंच लागेल."

वहिनीने सेटिंग लिहिली, दोनदा वाचली आणि धाकटीला बंद करून चालू केलं. मशीन उठायला लागलं. आपले पंखे तपास, मेमरी तपास, असं आरामात चाललं होतं. त्या वेळात बारकी मशीनच्या मागे गेली आणि गुडघ्यांवर बसली.

"डिस्कपेटीची केबल कुठली?"

"निळी पट्टी असलेली. थोरलीवरचा डेटाबेस बंदच आहे, बारके."

"बंद आहे, पण ती आचके देत देत पुन्हा उठली तर? दोघींनी एकदम त्या पेटीत हात घातला तर माहितीचा भुगा होईल. मग बाळंतीण राहू दे, रक्तपेढीच बंद करावी लागेल." तिने हात आत घातला, केबल चाचपली, आणि वहिनीला पुन्हा विचारलं, "निळीच ना? बघ नीट."

वहिनी वाकली, पट्टी बघितली, बोटाने केबल पेटीपर्यंत माग काढत नेली. "हीच."

बारकीने ती उपसली आणि धाकटीला लावली. नेमका त्याच वेळी फोन वाजला. डॉक्टर बोलत होते तेवढ्यावरूनच कळलं. रक्तस्राव पुन्हा सुरू झाला होता. तिला ऑपरेशनच्या खोलीत घेतलं होतं.

धाकटी उठली. पेटी दिसली. वहिनीने डेटाबेस सुरू करायची आज्ञा दिली. मेमरी मिळाली. फायली सापडल्या. मग लिहून आलं, मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं, तपासून घेतोय. तेवढी एक ओळ आणि मग काहीच नाही. बारकीने खुर्चीच्या पाठीवरची पकड इतकी घट्ट केली होती, की खुर्ची करकरत होती.

डेटाबेस उघडला.

"काका!" डॉक्टरांनी दार उघडून हाक मारली, इतक्या मोठ्याने की रक्त द्यायला आलेली माणसं उठून बसली.

पण लॅबमधून काकांचा आवाज आला, "स्क्रीन अजून मेलेलाच आहे!"

बारकी पडद्यावर पुन्हा त्या खास खुणेचं बघायला लागली. वहिनीने मात्र तिला कोपराने बाजूला सारलं. "ते नाही. सेटिंगच्या फायली आपण थोरलीवरून आणल्यात. त्यात थोरलीचंच नाव लिहिलेलं असणार. आणि लॅबचे संगणकही अजून तिच्याच दारावर टकटक करतायत." तिने थोरलीची नेटवर्कची केबल काढली, थोरलीचं नाव आणि पत्ता धाकटीला दिला, आणि लॅबच्या संगणकांची हाक ऐकणारा प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

लॅबमधून आता हाक आली नाही. कळफलकाचा आवाज आला. काका दोन बोटांनी टाइप करायचे, आणि त्या दिवशी ती दोन बोटं भिंतीपलीकडूनही ऐकू येत होती.

मशीनने दोन पिशव्या सांगितल्या. दोन्ही शीतगृहाच्या खालच्या कप्प्यात होत्या. काका तिथवर पोचायला अजून बराच वेळ लागला असता. त्यांनी दोन्हींतलं रक्त त्या बाईच्या रक्ताबरोबर लावून बघितलं. एकीत गुठळ्या धरल्या. का धरल्या ते त्या वेळी कळलं नाही. दुसरीत काही झालं नाही. स्वच्छ.

"एकच आहे," डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. "पाठवतोय."

एका पिशवीने भागणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण मशीनमध्ये दातेही होते. वहिनीने यादी काढली. तशा रक्ताचे दाते गावात दोघं. एक बाहेरगावी होती. दुसरा बसच्या कार्यशाळेतला मेकॅनिक. त्याने फोनवर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "येतो," म्हणाला आणि हातावरचं ग्रीस तसंच घेऊन आला. त्याचं रक्त घेऊन, तपासून समोर पाठवेपर्यंत ऑपरेशन अर्ध्यावर होतं. तोवर त्या एका पिशवीवर भूलतज्ज्ञांनी कसं निभावलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

ती बाई वाचली. तिचं गर्भाशय काढावं लागलं. दुपार कलताना हे कळलं तेव्हा काका खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "पाणी द्या कोणीतरी."

मदतीची पानं आणि नमुने आणायचे राहिले होते. त्या फायली अजून वाचता तरी येतात का, हे बघायला वहिनीने थोरलीवर आज्ञा दिली, पण डिस्कने टक केलं नाही की काही नाही. ती संपली होती.

मोठ्या डॉक्टरांनी बारकीला बाजूला घेऊन विचारलं, परत येता का? तिने सांगितलं, गिरणीत माझं बरं चाललंय, पण कधी अडलात तर बोलवा, आणि अडायच्या आधी बोलवलंत तर जास्त बरं. डॉक्टरांनी मान खाली घातली. "मला वहिनींनी खूपदा सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच थांबवत आलो."

मग मशीनरूममध्ये त्या दोघीच उरल्या. आता बोलायला काही घाईचं नव्हतं, त्यामुळे बोलणं अवघड झालं होतं. बारकीने हेल्मेट उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"चहाचं बरं आठवलं तुला," ती म्हणाली.

"त्या दिवशी तू बिल माझ्यावर ढकललं होतंस. म्हणून आठवलं."

बारकी हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. "मी तुला तेव्हा विचारलंच नव्हतं वहिनी. कंपनीत येतेस का म्हणून. येणारच असं धरून चालले. पण तू शेवटच्या दिवशी नाही म्हणालीस. ते मला लागलं. अजून लागतं."

"लागणारच. आधी सांगायला हवं होतं. तुझ्या बाबांकडे बघून माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता."

"आणि मी बाबांकडे बघायलाच येत नव्हते तेव्हा," बारकी म्हणाली. "ते कोणी मला बोललं नाही. तूसुद्धा नाही."

 तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता. सकाळपासून जीव मुठीत धरून बसला होता. बारकीनेच उचलला.

"दादा, ती बाई बरी आहे. हो. हो, दोघी इथेच आहोत. नाही रे, भांडत नाही. थोडं भांडतोय. ठेव आता."

तिने बाही वर सारली आणि खुर्ची ओढली. "सरक जरा. धाकटीचा सॉफ्टवेअरसकट पूर्ण बॅकअप घेऊ आणि मगच उठू."

"घेतलाय मी. तू डॉक्टरांशी बोलत होतीस तेव्हा."

बारकीने विश्वास न ठेवता तो उघडून बघितला. डिरेक्टरी, नंबर, खुणा, दुवे, सगळं एकेक करून तपासलं. बरोबर होतं.

"जेवलीस का सकाळपासून?" तिने विचारलं.

"कुठे जेवणार!"

वहिनीने पर्स उचलली, धाकटीच्या पडद्यावर एक शेवटची नजर टाकली, आणि दोघी दार ओढून घेऊन बाहेर पडल्या.